शेजारधर्म आणि गाळ्याचे भाडे

मुंबईच्या उपनगरांत अलीकडे एका नव्या धर्माचा प्रसार चालू आहे. त्याचे नाव शेजारधर्म. गृहनिर्माण संस्थांच्या सूचनाफलकांवर, गणेशोत्सवाच्या स्मरणिकांत, रहिवाशांच्या व्हॉट्सॲप गटांवर आणि नवरात्रापूर्वी भरणाऱ्या प्रदर्शनांच्या कमानींवर त्याचा एकच उपदेश वाचावयास मिळतो: कपडे आपल्या गल्लीतल्या बुटीकमधून घ्या, मॉलकडे धावू नका, आपल्याच वस्तीतल्या उद्योगी भगिनीला हात द्या. अंधेरी-बोरिवलीत हा उपदेश ऐकू येतो, तसाच तो घाटकोपर-मुलुंडमध्येही. तो करणारी माणसे बहुधा भली असतात. पक्षाचे सहानुभूतिदारही त्यांत आहेत, आणि काही शाखांचे कार्यकर्ते अशा प्रदर्शनांचे मांडव घालण्यात हौसेने राबतात. त्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. मात्र ज्या बुटीकसाठी हा सारा खटाटोप चालतो, त्याचे मरण कशात आहे याचा त्यांनी कधी हिशेब मांडला आहे काय, हा प्रश्न विचारणे भाग आहे.

प्रथम हे बुटीक म्हणजे काय ते पाहू. शब्द फ्रेंच, अर्थ साधे दुकान एवढाच. मुंबईत मात्र तो श्रीमंतीच्या वाटेने आला. १९८७ साली फोर्टमध्ये लायन गेटजवळ 'एन्सेम्बल' हे दुकान उघडले, तेव्हा अनेक वेशभूषाकारांची वस्त्रे एका छताखाली विकण्याची रीत या शहरात रुजली. उपनगरातले बुटीक हे त्याचे धाकटे भावंड नाही. त्याची कूळकथा निराळी आहे. ते जन्मले घरातल्या शिलाई यंत्रावर. शिवणवर्ग केलेली एखादी गृहिणी प्रथम शेजारणींची पोलकी शिवते, साड्यांना फॉल-पिको करून देते, मग दिवाळीत चार परकर, लग्नसराईत दहा ब्लाउज, आणि हात बसला की रस्त्यालगतचा एखादा चिंचोळा गाळा. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले होते. त्यानंतर या कापडाच्या शहरातील किती घरांची चूल बायकांच्या शिवणकामावर आणि खानावळीवर पेटत राहिली, हे गिरणगाव सोडून उपनगरांत आलेल्या कुटुंबांना सांगावे लागत नाही. आजच्या अनेक बुटीकांच्या पाटीवर इंग्रजी नाव असले, तरी तिच्यामागचा इतिहास हा आहे.

या दुकानाचे म्हणून एक आर्थिक मोल आहे, आणि ते भावनेपलीकडचे आहे. येथे कपडा माणसाच्या मापाने बेतला जातो. माणसाला कपड्याच्या मापात बसावे लागत नाही. वाढत्या अंगाच्या मुलीचा परकर शिवताना शिवणीत दोन बोटे कापड सोडून ठेवले जाते. आजीच्या इरकली लुगड्याचे काठ नातीच्या कुर्त्याला लागतात. गुळेदगुड्डच्या हातमागाचा खण, जो एकेकाळी केवळ चोळीपुरता उरला होता, तो आज झगा, जाकीट आणि पिशवी होऊन लोकलच्या डब्यात दिसतो. ही किमया कोणत्याही मोठ्या कंपनीने प्रथम केलेली नाही. ती लहान गाळ्यांतून झाली. कंपन्या आणि यंत्रमागवाले नंतर आले, तोच नक्षीनमुना कृत्रिम धाग्यावर छापून त्यांनी निम्म्याहून कमी किमतीत बाजारात ओतला. यंत्रयुगाचे कठोर टीकाकार गांधीजी, त्यांनीही १९२४ साली सिंगरच्या शिलाई यंत्राला आपल्या टीकेतून वगळले होते, कारण ते यंत्र माणसाला बेकार करीत नाही, त्याचे श्रम हलके करते. लोहियांनी ज्या छोट्या यंत्राचा आग्रह धरला, त्याचे घरोघर दिसणारे रूप हेच आहे.

असे हे दुकान मरते कशाने? शेजारणी मॉलमध्ये गेल्याने, असे शेजारधर्माचे उत्तर आहे. हिशेबाची वही मात्र वेगळे सांगते. या गाळ्यातील बाई भाडेकरू असते म्हणावे, तर कायद्याच्या अर्थाने ती भाडेकरूही नसते. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याची जागा घेणारा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा, १९९९, हा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याचे संरक्षण भाडेकरूला आहे. परंतु आज लहान दुकानासाठी गाळा मिळतो तो 'लीव्ह अँड लायसन्स'च्या करारावर. तीन किंवा पाच वर्षांची मुदत, वर्षाला ठरलेली भाडेवाढ, आणि हाताशी असलेले सारे भांडवल गिळणारी अनामत. ज्या दिवशी दुकानाचा जम बसला, गिऱ्हाइकांना वाट पाठ झाली, त्याच दिवशी करार संपतो. गाळ्याला किंमत आली ती बाईच्या कष्टाने, आणि वसूल करतो मालक. रिकार्डोने शेतजमिनीच्या खंडाविषयी जे सांगितले, ते मुलुंडच्या बाजारपेठेतील शंभर चौरस फुटांना शब्दशः लागू पडते. गिऱ्हाईक दुप्पट करा. मुदत संपताच भाडे त्याच्या मागोमाग चढेल. शेजाऱ्यांच्या आपुलकीचा रुपया बुटीकच्या गल्ल्यात क्षणभर थांबतो आणि जागामालकाच्या खात्यात विसावतो.

त्यात पुनर्विकासाची भर. उपनगरांतील चाळीस-पन्नास वर्षांच्या इमारती धडाधड पाडल्या जात आहेत. सदनिकाधारकाला नवी जागा मिळते, मधल्या काळाचे भाडे मिळते; पागडीच्या जुन्या भाडेकरूलाही कायद्याने हक्क आहे. तळमजल्यावरच्या परवानाधारक दुकानदारणीला मिळते ती गाळा रिकामा करण्याची नोटीस. नवा मनोरा उभा राहिल्यावर त्याच्या तळाशी बँक येते, औषधांच्या साखळीचे दुकान येते, नाही तर काचेचा दर्शनी भाग असलेले एखादे मोठे कापड दुकान. लालबहादूर शास्त्री मार्गावर मेट्रो-४ चे काम २०१८ पासून सुरू झाले, तेव्हा घाटकोपर ते मुलुंड या पट्ट्यातील दुकानांपुढे पत्र्यांच्या भिंती उभ्या राहिल्या. पत्र्यांमुळे रस्त्यावरचे गिऱ्हाईक आटले म्हणून गाळ्याचे भाडे आपोआप उतरत नाही. विकासाचा खर्च कोणी सोसावयाचा, याचा निर्णय असा गुपचूप होतो.

मॉलचा व्यवहार याच्या नेमका उलट. उपनगरांत मोठे दुकान आले ते १९९१ साली, अंधेरीत, 'शॉपर्स स्टॉप'च्या रूपाने. ज्या वर्षी दिल्लीत उदारीकरणाचा अर्थसंकल्प मांडला गेला तेच हे वर्ष, आणि दुकान काढणारा समूह होता बांधकाम व्यवसायातला. ही गोष्ट विसरता कामा नये. मुंबईत मोठा कापडविक्रेता आणि मोठा जमीनमालक यांचे नाते पहिल्यापासून रक्ताचे आहे. पुढे २००४ मध्ये मालाडला 'इनऑर्बिट', २००९ मध्ये घाटकोपरला 'आर सिटी' अशी मॉलांची रांग लागली. मॉलचा मालक बड्या नाममुद्रेला आवतण देऊन आणतो, कारण तिच्या नावावर गर्दी जमते. म्हणून तिला चौरस फुटामागे भाडे कमी पडते, पुष्कळदा ते विक्रीच्या टक्केवारीशी बांधलेले असते. धंदा मंदावला तर भाडेही हलके. लहान दुकानाला ही सवलत कोण देणार? ज्याच्यापाशी पैसा अधिक त्याला जागा स्वस्त, ज्याच्यापाशी कमी त्याला महाग, असा हा मुक्त बाजार आहे!

आता कर पाहा. वस्तू व सेवा कराच्या कायद्यात चाळीस लाखांपर्यंतच्या उलाढालीला नोंदणीची सक्ती नाही, हे सरकार अभिमानाने सांगते. परंतु मालाचा व्यवहार राज्याच्या सीमेबाहेर गेला की, हस्तकलेच्या काही ठरावीक वस्तू सोडता, उलाढाल कितीही लहान असो, नोंदणी अटळ. म्हणजे मुलुंडच्या बुटीकने डोंबिवलीला कुर्ता पाठविला तर चालेल, बेळगावच्या मावशीला पाठविला तर पूर्ण नोंदणी, मासिक वा तिमाही विवरणपत्रे आणि हिशेबनिसाचा पगार! इंटरनेटवरील बाजारात तर १ ऑक्टोबर २०२३ पर्यंत राज्यांतर्गत विक्रीलाही नोंदणीशिवाय प्रवेश नव्हता. दरम्यान २२ सप्टेंबर २०२५ पासून कपड्यांचे दर बदलले: नगाला अडीच हजारांपर्यंत पाच टक्के, त्यापुढे अठरा. मोठा उत्पादक हजारो नगांचा खर्च वाटून किंमत अडीच हजारांच्या आत ठेवू शकतो. हाताने भरतकाम केलेला, एकाच मापाचा, एकच नग शिवणारी बाई ते करू शकत नाही. अडीच हजारांच्या कपड्यावर १२५ रुपये कर आणि सव्वीसशेच्या कपड्यावर ४६८. शंभर रुपयांच्या फरकासाठी गिऱ्हाइकाच्या खिशाला ४४३ रुपयांची जास्त झळ. नोंदणीच न केलेल्या दुकानाला हा कर लावावा लागत नाही हे खरे, पण कापड, अस्तर, धागा यांवर त्याने भरलेला करही त्याला परत मिळत नाही. म्हणजे कारागिरी जितकी अधिक, तितका दंड अधिक.

या सगळ्यांविषयी शेजारधर्माचे प्रवक्ते मौन पाळतात. त्यांचे मौन कोणाला सोयीचे आहे, हे ओळखण्यास फार बुद्धी लागत नाही. अमेरिकेत 'लहान दुकानांचा शनिवार' म्हणून एक दिवस साजरा होतो. त्या दिवशी सर्वांनी वस्तीतल्या दुकानातून खरेदी करावी असा संकेत आहे. तो २०१० साली सुरू केला अमेरिकन एक्सप्रेस या कंपनीने, म्हणजे त्या खरेदीच्या प्रत्येक व्यवहारावर दलाली घेणाऱ्या पतपत्रांच्या कंपनीने! आपल्याकडे १२ मे २०२० रोजी, टाळेबंदीने लहान दुकाने कुलूपबंद असताना, पंतप्रधानांनी 'व्होकल फॉर लोकल'चा मंत्र दिला. मंत्राबरोबर बंद गाळ्यांच्या भाड्याची जबाबदारी मात्र कोणी घेतली नाही. राज्य सरकारने २०२२ मध्ये कायदा दुरुस्त करून प्रत्येक लहानमोठ्या दुकानाची पाटी मराठीत असण्याची सक्ती केली. पाटी मराठी व्हावी हे योग्यच. पण पाटीच्या अक्षरांच्या आकाराबद्दल एवढा काटेकोर असलेला कायदा पाटीखालच्या दुकानाच्या भाड्याबद्दल मुका का, असा प्रश्न त्या वेळी आंदोलन करणाऱ्या एकाही पुढाऱ्याला पडला नाही.

'स्वतंत्र' या विशेषणाचाही थोडा समाचार घेतला पाहिजे. स्वतंत्र वेशभूषाकार, स्वतंत्र नाममुद्रा, हे शब्द जाहिरातीत फार झळकतात. २०२१ या एका वर्षात आदित्य बिर्ला समूहाने सब्यसाचीच्या व्यवसायाचे ५१ टक्के भाग घेतले. रिलायन्सने रितू कुमार यांच्या कंपनीचे ५२ टक्के आणि मनीष मल्होत्रा यांच्या व्यवसायाचे ४० टक्के. शिखरावर असलेल्यांची ही कथा. खालच्या थरात टाटांच्या ट्रेंट कंपनीचे 'वेस्टसाइड' आणि २०१६ पासून 'झुडिओ' स्वस्त कपड्यांचा बाजार व्यापीत चालले आहेत. वरून विकत घेणे आणि खालून भाव पाडणे, अशा दोन पात्यांच्या कात्रीत गल्लीतले बुटीक सापडले आहे. परकीय भांडवलाच्या इंटरनेट बाजारपेठांनी स्वतः माल बाळगू नये, किमतींवर प्रभाव टाकू नये, असे केंद्र सरकारचे डिसेंबर २०१८ चे परिपत्रक सांगते. मर्जीतल्या विक्रेत्यांना झुकते माप दिल्याच्या तक्रारींवरून स्पर्धा आयोगाला २०२० मध्ये चौकशीचा आदेश द्यावा लागला, यावरून त्या परिपत्रकाचा दरारा किती ते कळते.

इथवर वाचून पक्षातील काही मित्र अस्वस्थ होतील. त्यांचा आक्षेप ठाऊक आहे. फॅशन ही मध्यमवर्गाची चैन. बुटीकवाली ही लहान का होईना मालकीण. लहान व्यापारी वर्ग भांडवलशाहीच्या रेट्यात नष्ट होणार हे १८४८ च्या जाहीरनाम्यातच लिहून ठेवले आहे. मग समाजवाद्यांनी त्याच्यासाठी अश्रू का ढाळावेत? हा आक्षेप पोथीनिष्ठ आहे, आणि शिवाय आळशीही. पावणेदोनशे वर्षांनंतरही भारतात किरकोळ व्यापाराचा फार मोठा हिस्सा लहान दुकानांच्याच हाती आहे. ज्याला नष्ट होण्यास इतका काळ लागतो, त्याच्याशी राजकारण करावेच लागते. तुम्ही केले नाही तर दुसरे करतात. उपनगरांतील लहान दुकानदार गेल्या चाळीस वर्षांत कोणत्या झेंड्यांखाली गेला, हे डोळ्यांसमोर आहे. १९७२ साली अहिल्याताई रांगणेकर आणि मृणालताई गोरे यांनी महागाईविरुद्ध लाटणी घेतलेल्या बायका रस्त्यावर आणल्या, तेव्हा या बायका मध्यमवर्गीय की कामकरी, याची चाळणी त्यांनी लावली नव्हती. आणि मुलीने सणाला नवा झगा घालावा ही जर चैन असेल, तर समाजवादाने कोणाला कोणते सुख द्यावयाचे ठरविले आहे?

मात्र या आक्षेपात एक कण खरा आहे, आणि तो शेजारधर्माच्या डोळ्यांत खुपणारा आहे. बुटीकच्या पुढच्या भागात मालकीण बसते. मागच्या पडद्याआड कोण बसते? कापणारा मास्टर आणि यंत्रावरचे एक-दोन कारागीर, पुष्कळदा उत्तर प्रदेश, बिहार वा बंगालमधून आलेले; जरदोजीचे काम साकीनाक्याच्या किंवा गोवंडीच्या एखाद्या माळ्यावरच्या अड्ड्यावर; आणि हूक, काजबटण, हातशिलाई हे सारे जवळच्या वस्तीतल्या बायकांच्या घरी, नगावर. दिवाळीच्या आधी महिनाभर रात्रीचे दोन वाजतात, श्रावण सरेपर्यंत काम नसते. किमान वेतन त्यांच्यासाठी ऐकीव गोष्ट आहे. राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने दहापेक्षा कमी कामगारांच्या आस्थापनांना नोंदणीतून सोडून दिले. सप्टेंबर २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने ती मर्यादा वीसवर नेण्यास मान्यता दिली. घरी काम करणाऱ्यांसाठी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६ मध्ये १७७ क्रमांकाचा करार संमत केला. भारताने त्यावर अजून मान्यतेची मोहोर उठविलेली नाही. 'वस्तीतल्या भगिनीला हात द्या' म्हणणाऱ्या स्मरणिकेत या दुसऱ्या भगिनीचे नाव नसते.

म्हणून काय बुटीक मोडीत काढावयाचे? मुळीच नाही. २४ एप्रिल २०१३ ला ढाक्याजवळ राणा प्लाझा कोसळून अकराशेहून अधिक शिवणकामगार मेले. ते दूरदेशींच्या स्वस्त नाममुद्रांसाठी शिवीत होते, आणि त्या नाममुद्रांच्या गिऱ्हाइकाला त्यांपैकी एकाचाही चेहरा ठाऊक नव्हता. गल्लीतल्या बुटीकचा मास्टर गिऱ्हाइकाला ठाऊक असतो. अंगावरचे माप त्याच्याच सांगण्यावरून घेतलेले असते. शोषण तेथेही आहे, पण ते हाताच्या अंतरावर आहे, त्याच्याशी बोलता येते, भांडता येते, त्यावर दर बांधून घेता येतो. मालकीण आणि कारागीर यांच्यातील भांडण खरे आहे. मात्र नगाचा दर वाढवा म्हटल्यावर मालकीण जे उत्तर देते, की भाडेच देऊन उरत नाही, ते पुष्कळदा खरे असते. ते खोटे असेल तेव्हा तिचे खोटेपण उघडे पाडण्याचा मार्गही भाड्यावरूनच जातो.

बाहेरच्या देशांनी हा प्रश्न भावनेवर सोडला नाही. फ्रान्समध्ये १९७३ च्या रॉयर कायद्याने दीड हजार चौरस मीटरांहून मोठे, आणि लहान गावांत हजाराहून मोठे दुकान काढण्यापूर्वी लोकप्रतिनिधी, लहान व्यापारी-कारागीर आणि ग्राहक यांच्या समितीची परवानगी सक्तीची केली. जपानने १९७४ पासून मोठ्या दुकानांवर तसाच लगाम घातला आणि अमेरिकेच्या दडपणाखाली तो हळूहळू सैल करीत २००० मध्ये काढून टाकला. फ्रेंच समित्यांत पुढे लाचलुचपत शिरली हे मान्य. पण त्यावर उपाय समिती स्वच्छ करण्याचा असतो. मुंबईत मॉलला परवानगी देताना आजूबाजूच्या दुकानांचे काय होईल, हे विचारण्याची सोय विकास नियमावलीत शोधूनही सापडत नाही. मार्च २०२२ नंतर तर कित्येक वर्षे महापालिकेत विचारणारा निवडलेला नगरसेवकच नव्हता.

तेव्हा उपनगरांतील शाखांनी प्रदर्शनांचे मांडव जरूर घालावेत. पण मांडवाच्या दाराशी एक टेबल मांडावे आणि येणाऱ्या प्रत्येक दुकानदारणीकडून चार गोष्टी लिहून घ्याव्यात: गाळ्याचे भाडे, अनामत, कराराची मुदत, आणि कारागिराला नगामागे दिलेली मजुरी. ही नोंद हाती आली की मागण्या आपोआप आकार घेतील. लहान दुकानांच्या परवाना-करारांना किमान नऊ वर्षांची मुदत आणि भाडेवाढीला कमाल मर्यादा. पुनर्विकासात तळमजल्याचा ठरावीक भाग जुन्या दुकानदारांसाठी, परवानाधारकांसह, नियंत्रित भाड्याने राखीव. महापालिकेच्या मंडयांची पुनर्बांधणी होते तेव्हा शिवणकामासाठी गाळे. आणि या संरक्षणाचा लाभ हवा असेल तर दुकानात नगाच्या मजुरीचा दरफलक लावण्याची अट. ज्या मालकिणीला पहिल्या तीन मागण्या मान्य आणि चौथी अमान्य, तिच्याशी त्याच टेबलावर वाद घालावा. कापडाची एकत्रित खरेदी करण्यासाठी दहा-पंधरा बुटीकांची सहकारी संस्था काढता येईल काय, हेही तेथेच विचारावे. ज्या शहरात कामगारांची ग्राहक चळवळ 'अपना बाजार' उभा करू शकली आणि प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये खानावळवाल्या बायकांचे 'अन्नपूर्णा महिला मंडळ' बांधले, तेथे ही सूचना कोणाला स्वप्नवत वाटू नये. त्या खानावळवाल्या बायकांनाही प्रथम हवे होते ते सावकाराऐवजी बँकेचे कर्ज, आणि ते त्यांना कोणी आपुलकीने आणून दिले नव्हते. लग्नसराई उलटली की पुष्कळ गाळ्यांचे करार नूतनीकरणाला येतात. नोंदीचे काम त्याच्या आधी हाती घेतले पाहिजे.